दोन डिस्क गेलेल्या ॲरेमधून डेटा परत मिळवला, तो अनुभव

चार डिस्कचा रेड ५ ॲरे होता, म्हणजे डिस्क जोडून केलेली एकच साठवण, ज्यात एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिचा डेटा काढता येतो. प्रत्येक डिस्क ४ टीबीची, त्यातली एका डिस्कएवढी जागा या सोयीसाठी जाते, म्हणजे वापरायला १२ टीबी. आत एका ताईंनी वर्षानुवर्षं जमवलेल्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं होती. एक डिस्क काही महिन्यांपूर्वीच ॲरेमधून बाहेर पडली होती, पण त्याची सूचना ज्या मेलवर जायची तो कोणी उघडतच नव्हतं. मग आणखी एक डिस्क गेली आणि ॲरे बंद पडला. रेड ५ एका डिस्कचा बिघाड सोसतो, दोन डिस्कचा नाही.

ताईंनी फोनवर विचारलं, "नवी डिस्क आणून ठेवली आहे. ती घालून रीबिल्ड लावू का?" रीबिल्ड म्हणजे बाकी डिस्कवरून नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं.

मी म्हटलं, "ताई, आत्ता काहीच लावू नका. मशीन बंद करा आणि कोणती डिस्क कोणत्या खणातली ते प्रत्येकीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा."

हे मी कोणालाही ठासून सांगेन. ॲरे बंद पडला त्या क्षणी डेटा सहसा गेलेला नसतो. तो जातो त्यानंतरच्या घाईत. जुनी डिस्क ताजी समजून रीबिल्ड लावलं जातं, त्याच डिस्कवर नव्याने ॲरे 'क्रिएट' केला जातो, नाहीतर अर्धवट जुळलेल्या ॲरेवर एफएससीके (फाइल सिस्टम दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवलं जातं. या सगळ्या गोष्टी डिस्कवर लिहितात, आणि एकदा वर लिहिलं की खालचं कायमचं गेलं.

सुरुवात वाचण्यापासून केली. लिनक्सवर ॲरे सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या प्रोग्रॅमला 'एक्झॅमिन' सांगितलं की तो प्रत्येक डिस्कचा सुपरब्लॉक, म्हणजे तिच्यावरची ॲरेची नोंद, दाखवतो, आणि लिहीत काहीच नाही. हे चार सुपरब्लॉक शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, सगळी हकीकत त्यांत असते. पहिल्या आणि तिसऱ्या डिस्कवर इव्हेंट काउंट, म्हणजे ॲरेतल्या बदलांबरोबर वाढणारा आकडा, तंतोतंत सारखा होता आणि ॲरेची स्थिती 'ए.ए.' अशी होती: पहिली आणि तिसरी हजर, बाकी दोन गैरहजर. चौथीचा काउंट त्यांच्यापेक्षा जेमतेम चारने मागे, स्थिती 'ए.एए'. म्हणजे ती बाहेर पडली तेव्हा दुसरी आधीच गेलेली होती. आणि दुसरीवर काउंट हजारोंनी मागे, तारीख काही महिन्यांपूर्वीची, पण स्थिती मात्र 'एएएए'. तिच्या लेखी अजून सगळं आलबेल होतं, कारण बाहेर पडल्यानंतरचं तिला कोणी कळवलंच नव्हतं. कोणती डिस्क आधी गेली हे इथेच पक्कं झालं. पहिली, तिसरी आणि चौथी घ्यायची, दुसरी बाजूला ठेवायची. दुसरी ताजी समजून आत घेतली असती तर जुन्या आणि नव्या तुकड्यांची सरमिसळ झाली असती.

मग डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवून पाहिलं. चौथीवर १९७ क्रमांकाच्या नोंदीत वाचता न येणारे सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे) वाट बघत होते. दुसरीवर असं काहीच नव्हतं, फक्त १९९ म्हणजे डेटाची ने-आण करताना झालेल्या सीआरसी चुकांचा आकडा फुगलेला होता. हा आकडा बहुतेक वेळा केबलकडे बोट दाखवतो. महिनोन्महिने मेलेली समजलेली डिस्क मुळात धडधाकट होती.

यानंतर प्रती. मूळ डिस्कवर एकही प्रयोग करायचा नाही, म्हणून निदान तेवढ्याच क्षमतेच्या आणखी डिस्क लागतात, आणि मिळालेला डेटा ठेवायला वेगळी जागा. हा खर्च अंगावर येतो, पण तिथे काटकसर करू नये. सर्वांत आजारी डिस्क सर्वांत आधी घेतली, कारण तिच्याकडे किती वेळ उरला आहे हे कोणालाच सांगता येत नाही. बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या जीएनयू डीडीरेस्क्यूची रीत मला फार आवडते. एखादा खराब भाग लागला की तो तिथे डोकं आपटत बसत नाही. पुढे जातो, चांगलं तेवढं आधी उचलतो, आणि राहिलेल्या ठिकाणी मागाहून परततो. कुठे काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये असते, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी काम वाया जात नाही. बाकी तिघींची प्रत बिनतक्रार निघाली, दुसरीचीसुद्धा. चौथीवर अखेर काहीशे केबी वाचता आले नाहीत, तेही ठिकठिकाणी विखुरलेले.

प्रतींवर थेट न लिहिता ओव्हरले, म्हणजे लेखन झेलणारे वरचे थर, टाकले. लिनक्समधल्या डिव्हाइस मॅपरच्या स्नॅपशॉटमुळे वाचन प्रतीवरून होतं आणि लेखन एका वेगळ्या फाइलमध्ये जातं. काही फसलं तर ती फाइल पुसून पुन्हा पहिल्यापासून. त्यावर तीन प्रतींचा ॲरे 'असेंबल' (जुळवणं) आणि 'फोर्स' (काउंट थोडा मागे असला तरी आत घेणं) करून उभा केला. फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरती, जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) न चालवता माउंट केली, म्हणजे उघडली. फोल्डर दिसले, नावं ठीक, आकार ठीक.

इथे बरेच जण सुटकेचा श्वास सोडून थांबतात. मी थांबलो नाही. मुद्रणं फ्लॅक या प्रकारच्या ध्वनी-फाइलींमध्ये होती, आणि फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ ध्वनीचा एमडी५, म्हणजे त्यावरून काढलेला ओळखीचा आकडा, लिहून ठेवलेला असतो. त्यामुळे फाइल नुसती उघडते का एवढंच नाही, तर ती जशीच्या तशी आहे का हेही तपासता येतं. सगळ्या फाइलींवर ही चाचणी लावली आणि मूठभर नापास झाल्या. चौथीवरची भोकं इथे बाहेर आली. आणि एका भोकाचे घाव दोन होतात, कारण दुसरी डिस्क ॲरेमध्ये नसल्याने तिचा भागही चौथीच्याच आधाराने काढला जात होता.

आता ती जुनी, बाजूला ठेवलेली दुसरी डिस्क कामाला आली. रेड ५ मध्ये प्रत्येक पट्ट्यातल्या, म्हणजे एकाच जागेच्या, सगळ्या डिस्कच्या बिटांची एक्सॉर (१ ची संख्या सम असेल तर ०, विषम असेल तर १) शून्य येते. १, ०, १ असे तीन बिट असतील तर चौथा ० असणार. कोणताही एक झाका, उरलेल्या तिघांवरून तो निघतो. डेटा ऑफसेट, म्हणजे डेटा सुरू होण्याची जागा, चारही डिस्कवर एकच होता, तेव्हा मॅपफाइलमधलं प्रत्येक भोक घेऊन पहिली, दुसरी आणि तिसरी यांच्या प्रतींवरून त्याच जागेचे बाइट वाचले, त्यांची एक्सॉर काढली आणि निकाल चौथीच्या ओव्हरलेवर लिहिला. याला अट एकच: दुसरी डिस्क गेल्यापासून तो पट्टा बदललेला नसावा. जुनी मुद्रणं एकदा ठेवली की कोणी बदलत नाही, म्हणून मला आशा होती.

चाचणी पुन्हा लावली. एक सोडून सगळ्या फाइली पास झाल्या! ती एक फाइल डिस्क बाहेर पडल्यानंतरची होती, तिथे हा उपाय चालणारच नव्हता. चुका ओलांडून ती डिकोड केली, तेव्हा मधला लहानसा तुकडा सोडून बाकी मुलाखत हाती आली. तो तुकडा ताईंनी त्यांनी लिहून काढलेल्या मजकुरावरून ओळखला आणि नोंद करून ठेवली.

नवा ॲरे रेड ६ आहे, दोन डिस्क गेल्या तरी चालणारा. दर महिन्याला पूर्ण ॲरे वाचून तपासला जातो, म्हणजे खराब सेक्टर गरज पडायच्या आधीच कळतात. खराब सेक्टरवर डिस्कने ७ सेकंदांत हार मानावी असं स्मार्टसीटीएलने ठरवून दिलं आहे. लिनक्स स्वतः ३० सेकंद वाट बघतो, आणि डिस्क त्याहून जास्त वेळ अडून बसली तर एका सेक्टरपायी अख्खी डिस्क ॲरेबाहेर जाऊ शकते. सूचनेचा मेल आता ताईंना आणि मला दोघांनाही येतो. मुद्रणांची आणखी एक प्रत या मशीनच्या बाहेर आहे, आणि तिच्यावरही तीच फ्लॅकची चाचणी चालते.