प्री-एक्लॅम्पसियात अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या का देत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्री-एक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं; त्यामागे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या जहाल रेणूंनी पेशींना होणारी इजा) असतो असं वाचायला मिळतं. मग ते रेणू निकामी करणाऱ्या, म्हणजे अँटिऑक्सिडंट, क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला काय हरकत? हरकत आहे. स्ट्रेस खरा आहे, पण या गोळ्या कुचकामी ठरल्या आहेत.

वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या धमन्या गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात रुंद आणि सैल व्हायला हव्यात. त्या अरुंद राहिल्या की वारेला ऑक्सिजन कधी मिळतो, कधी तुटतो. या चढउतारात झँथिन ऑक्सिडेजसारखी एन्झाइम्स आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जाकेंद्रं) सुपरऑक्साइड हा असाच जहाल रेणू भरमसाट बनवतात. सुपरऑक्साइड रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं आणि त्यातून पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी जहाल रसायन तयार होतं. ही प्रक्रिया इतकी झटपट होते की क जीवनसत्त्वाला मध्ये पडायला फारशी सवडच मिळत नाही. झँथिन ऑक्सिडेज युरिक ॲसिडही बनवतं, शिवाय किडनीतून ते कमी बाहेर पडतं, म्हणून रिपोर्टमध्ये ते अनेकदा वाढलेलं दिसतं. (नुसत्या युरिक ॲसिडवरून निदान मात्र करू नये.)

प्रत्येकीचा आजार वारेतूनच सुरू होतो असं नाही. ३४ आठवड्यांनंतर दिसणाऱ्या प्रकारात आईच्या चयापचयाचा वाटा मोठा असतो. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) गरोदरपणात एरवीही दुप्पट-तिप्पट होतात. आधीच वजन जास्त आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर असेल, तर ती आणखी चढतात आणि एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) बारीक, लवकर ऑक्सिडाइझ होणारे कण वाढतात; म्हणजे स्ट्रेस इथूनही येतो. म्हणून वजन आणि साखरेकडे लक्ष द्यायचं ते गर्भधारणेआधी. गरोदरपणात वजन उतरवायचा घाट घालू नका.

ब्रिटनमधल्या २००६ च्या चाचणीत धोका असलेल्या सुमारे २,४०० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. प्री-एक्लॅम्पसिया कमी झाला नाही. उलट गोळ्या घेणाऱ्यांत कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. २०१० साली अमेरिकेत सुमारे दहा हजार पहिलटकरणींवर हीच मात्रा वापरली, तरी उपयोग शून्य.

उपयोग झाला तो साध्या ॲस्पिरिनचा. आधी प्री-एक्लॅम्पसिया झालेला, जुनं बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, जुळी, यांपैकी काही असेल तर डॉक्टर बाराव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान ७५ ते १५० मिलिग्रॅम सुरू करतात. स्वतःहून घेऊ नका. आहारात कॅल्शियम कमी असेल तर रोज दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियमही फायद्याचं.

घरी बीपी मोजताना मात्र बऱ्याच चुका होतात. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. डाव्या कुशीवर झोपून वर राहणाऱ्या उजव्या हातावर मोजलं तर खोटा उतरतो, आणि ही चूक जास्त घातक. १४०/९० किंवा वर आल्यास डॉक्टरांना लगेच कळवा. १६०/११०, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, यांपैकी एक जरी असेल तरी थेट हॉस्पिटल गाठा.

बाळंतपणाने आजार लगेच संपत नाही. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वात चढतं, नेमकं घरी परतल्यावर. तीन महिन्यांनी बीपी, लघवीतलं प्रोटीन, साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासा. लिपिड त्याआधी पाहिल्यास गरोदरपणातली वाढच दिसते. प्रोटीन तरीही जात असेल तर किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. या स्त्रियांना पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट आणि कायमच्या बीपीचा तिप्पट-चौपट असतो, तेव्हा बीपी आणि साखर दरवर्षी बघा. पुढच्या खेपेला हा इतिहास पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे ॲस्पिरिनची वेळ हुकणार नाही.