किंथुप आणि नदीत सोडलेले 500 ठोकळे

तिबेटमधली त्सांगपो हीच आपली ब्रह्मपुत्रा, हे आज मोबाईलवर मॅप उघडला की दिसतं, पण 1880 च्या सुमारास ते कोणीच बघितलेलं नव्हतं. नदी नामचा बारवा शिखराला वळसा घालून भयंकर खोल घळीत शिरते, तिथून पुढे आसामात उतरते की म्यानमारमधल्या इरावतीला मिळते यावर मोठा वाद. तिबेटमध्ये गोऱ्यांना बंदी, म्हणून सर्व्हे ऑफ इंडिया हे नकाशे बनवणारं सरकारी खातं आपल्याकडची माणसं यात्रेकरूच्या वेशात पाठवायचं. त्यातले नैनसिंह रावत तर अंतरासाठी पावलं मोजायला 108 ऐवजी 100 मण्यांची माळ घेऊन फिरले!

पण मला लिहायचंय ते किंथुपबद्दल. सिक्कीमचा माणूस, लिहिता-वाचता येत नव्हतं. सर्व्हेच्या कॅप्टन हारमनने 1880 मध्ये त्याला एका लामाचा मदतनीस म्हणून पाठवलं, प्लॅन असा की खूण केलेले 500 लाकडी ठोकळे रोज 50 असे नदीत सोडायचे, खाली आसामात माणसं लक्ष ठेवतील, तिथे दिसले की विषय संपला. आणि त्या लामाने काय केलं, तर किंथुपला गुलाम म्हणून विकून स्वतः निघून गेला.

किंथुप तिथून पळाला, मागे माणसं लागली, शेवटी एका मठाच्या प्रमुखाने 50 रुपये देऊन त्याला सोडवलं, म्हणजे आता त्यांची चाकरी. खरं तर इथून सरळ घरी पळाला असता तरी कोण काय बोललं असतं? पण हा यात्रेला जातो म्हणून सुट्टी मागतो, जंगलात ठोकळे तयार करून लपवतो, मग ल्हासाला जाऊन कोणत्या तारखांना सोडणार ते पत्र लिहून घेऊन पाठवतो, परत येऊन पुन्हा मठात राबतो आणि ठरलेल्या दिवशी 50-50 करत सगळे सोडतो.

पत्र वेळेत पोचलंच नाही. हारमन आजारी पडून भारत सोडून गेलेला, नदीवर बघायला कोणी नाही, ठोकळे तसेच वाहून गेले.

1884 मध्ये परतल्यावर त्याने सगळा मार्ग तोंडी सांगितला. चार वर्षांचा रस्ता, गावं, वळणं, सगळं फक्त डोक्यात! लिहून घेताना दोन धबधब्यांची सरमिसळ होऊन त्सांगपोवर 150 फुटी धबधबा आहे असं छापलं गेलं आणि मग कितीतरी जणांनी त्याच्या अख्ख्या हकीकतीवरच शंका घेतली, याचा मला अजून राग येतो.

1913 मध्ये बेली आणि मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी स्वतः त्या घळीत चालत गेले तेव्हा कळलं की बाकी वर्णन जवळजवळ सगळं बरोबर आहे. किंथुप तेव्हा दार्जिलिंगला शिंपीकाम करत होता. बेलीने त्याच्या पेन्शनसाठी खटपट केली, सरकारने एकदाच काय ते 1000 रुपये दिले.