नऊशेच्या आसपास

ऑनलाइन बुद्धिबळात नऊशेच्या रेटिंगच्या, म्हणजे खेळाची ताकद सांगणाऱ्या आकड्याच्या, आसपास अडकलेली माणसं मला लगेच ओळखू येतात, कारण मीही बरेच महिने तिथेच मुक्काम ठोकून होते. यांना ओपनिंगची, म्हणजे डावाच्या ठरीव सुरुवातींची, नावं पाठ असतात. लंडन, इटालियन, कॅरो-कान. ‘या एका चालीने समोरच्याला गारद करा’ छापाचे व्हिडिओ बघून झालेले असतात. आणि बाराव्या चालीला यांचा घोडा फुकट जातो.

माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक तुरळक असतं, तेवढ्यात काउंटरमागे माझा एखादा डाव होतो. आता सांगली म्हणजे बुद्धिबळाच्या प्रसारासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव, नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव. इथे ‘मी बुद्धिबळ खेळते’ म्हणायची सोय नाही, पुढचा प्रश्न ‘रेटिंग किती?’ हाच येतो. त्यात दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या गल्लीतली निम्मी पोरं क्लासला जायला लागली आहेत, आणि ती तर तोंडावरच हसतात.

त्यांना मी सांगते की फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या, वहीत नऊशे हा आकडाच नाही. १ मार्च २०२४ पासून त्यांनी रेटिंगचा तळ १००० वरून १४०० वर नेला. ऑनलाइन आकडे वेगळे, आणि एका साइटचा आकडा दुसरीला लागू पडत नाही. लिचेस या साइटवर नवीन खातं १५०० पासूनच सुरू होतं, त्यामुळे तिथल्या कुणाच्या तेराशेकडे बघून खचून जाऊ नये. शिवाय ॲप आपल्या तोडीचाच गडी शोधून देतं, म्हणजे निम्मे डाव हरणं आलंच. दोन दिवसांत पन्नास गुण वर गेले किंवा खाली आले, त्याला काडीचाही अर्थ नाही.

मग आकडा अडतो कशाने? या पातळीवर वारंवार दिसणारा एक डाव घ्या. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं, काळ्यानंही सारलं. दुसऱ्याच चालीला पांढऱ्याचा वजीर एच-५ वर (अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ). काळा घोडा सी-६ वर आणून आपलं प्यादं राखतो. पांढरा उंट सी-४ वर. आता काळ्याला दिसतं की वजीर अगदी उघड्यावर आहे, एफ-६ वर घोडा आणला की त्याच्यावर मारा होतो. आनंदानं घोडा एफ-६. पुढच्या चालीला वजीर एफ-७ चं प्यादं खातो, मागे उंटाचा जोर, मात.

बरोबर चाल म्हणजे प्यादं जी-६ वर. वजीर हटून एफ-३ वर येतो आणि पुन्हा एफ-७ वरच डोळा ठेवतो. आता घोडा एफ-६ वर आणायचा, तो मधली वाट अडवतो आणि विषय संपतो. गंमत बघा, घोडा तोच, घरही तेच, फक्त एका चालीचा फरक. पहिल्यांदा घोडा आणणाऱ्यानं समोरच्याच्या वजिराला काय होईल एवढंच पाहिलं. समोरचा काय करणार आहे ते पाहिलंच नाही.

नऊशेतले बहुतेक पराभव याच जातीचे असतात. आमचे सासरे, अण्णा, देशी पद्धतीच्या बुद्धिबळात वाढलेले. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि प्याद्यानं मात केली तर तिचा मान मोठा. त्यांना ॲप आवडत नाही, पण संध्याकाळी माझे डाव बघायला खुर्ची ओढून बसतात.

“त्यानं उंट तिथं का आणला गं?”

“मी ना अण्णा, इकडून हत्ती आणणार होते...”

“तुझं नको सांगू. त्याचं सांग.”

हे झालं की माझी निम्म्या वेळा बोलती बंद. तेव्हापासून चाल खेळण्याआधी मी मनात समोरच्याचंच सांगते: याला शह देता येतोय का, काही मारता येतंय का, पुढे कशावर डोळा आहे. मगच माझा बेत. दहा सेकंदांचं काम आहे. पण ते प्रत्येक चालीला करायचं, आणि तिथेच सगळे कंटाळतात.

तीन मिनिटांच्या डावात हे होतच नाही. त्यात हात आपोआप चालतो, आणि जे चुकीचं वळण लागलंय तेच पक्कं होतं. मी पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंद असा डाव घेते, म्हणजे प्रत्येक चालीमागे घड्याळात दहा सेकंद वाढतात आणि शेवटी नुसत्या घाईनं हरायची वेळ येत नाही. दिवसात एक डाव पुरतो. तो झाला की इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, लावण्याआधी स्वतः चाळायचा. इंजिन उत्तर सांगतं, पण आपल्याला ते का दिसलं नाही हे त्याला कुठून कळणार?

कोडी सोडवावीत, लिचेसवर ती फुकट आहेत. मात्र कोड्यात काहीतरी दडलंय हे आधीच ठाऊक असतं. डावात कुणी घंटा वाजवत नाही. म्हणून कोडं सोडवतानाही समोरच्याचं सगळ्यात चिवट उत्तर शोधल्याशिवाय मी पहिली चाल खेळत नाही.

ओपनिंगवर जाणारा वेळ माझ्या मते राजा-प्याद्यांच्या शेवटावर, म्हणजे पटावर नुसते राजे आणि प्यादी उरतात त्या टप्प्यावर, घालवावा. पांढरा राजा ई-६ वर, त्याचं प्यादं मागे ई-५ वर, काळा राजा ई-८ वर. चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला की झालं, फक्त कडेच्या प्याद्यांना हे लागू नाही. एवढं माहीत असलं की हत्तींची अदलाबदल करायची की टाळायची, हे आधीच ठरवता येतं.

आणि हे फक्त आपल्या पातळीचं दुखणं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेशविरुद्ध चौदाव्या डावात डिंग लिरेनकडे बरोबरीचा शेवट होता, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशचं एक प्यादं जास्त. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एफ-२ वर नेला. गुकेशनं हत्तींची अदलाबदल केली, मग उंट डी-५ वर आणून उंटांचीही अदलाबदल भाग पाडली. उरला नुसता राजा-प्याद्यांचा शेवट, आणि तो डिंगसाठी हरलेला होता. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगनं डाव सोडला, अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता. तो डाव मी अण्णांना पटावर मांडून दाखवला. पंचावन्नाव्या चालीवर ते थांबले आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. या वेळी उत्तर मला देता आलं.

माझं रेटिंग सध्या अकराशेच्या जरा खाली आहे. अण्णांशी देशी पद्धतीनं खेळले की मात्र अजून हरते, कारण त्यांना प्याद्यानंच मात करायची असते आणि त्यासाठी ते संध्याकाळ गेली तरी थांबतात.