आमची वाटचाल : छपरावरची वीज आणि मधला ग्राहक

आमच्या फर्मची नोंदणी २००९ साली साताऱ्यात झाली, ती सोलर बंबांच्या कामासाठी. पहिली सहा वर्षे निर्वात काचनळ्यांचे बंब बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. नळी फुटली की बदलली, टाकीत क्षार बसला की साफ केली आणि कामगारांचे पगार वेळेवर झाले, यापलीकडे त्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छपरावरील सौर प्रकल्पांसाठी नेट मीटरिंगचे विनियम काढले, आणि आमच्या व्यवसायाची खरी सुरुवात मी त्या महिन्यापासून धरतो. दुपारी छपरावर तयार झालेले आणि वापरून उरलेले युनिट ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, जाते आणि संध्याकाळी वापरलेल्या युनिटातून वजा होते, एवढी एक गोष्ट नियमात आल्याबरोबर बॅटऱ्यांचा खर्च गळून पडला आणि जिल्ह्याच्या गावातल्या माणसालाही हे काम परवडू लागले.

त्या वर्षी घेतलेली हत्यारे आजही दुकानात आहेत. क्लॅम्प मीटर, मेगर (तारांचे आवरण तपासणारे यंत्र), अर्थ टेस्टर, टॉर्क पाना आणि पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी-फोर कनेक्टर तारेवर दाबून बसवण्याचे, म्हणजे क्रिंपिंगचे, हत्यार या पाच वस्तूंवर मी त्या काळात ऐपतीबाहेर खर्च केला, आणि त्याचा मला अभिमान आहे. आपल्या भागात चार फुटांखाली काळा कातळ लागतो, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा हे आमच्या कामातले सर्वांत कष्टाचे काम असते. अर्थिंगचा रोध पाच ओहमच्या खाली आल्याशिवाय आम्ही इन्व्हर्टरचा (पॅनेलची वीज वापरायच्या विजेत बदलणाऱ्या यंत्राचा) स्विच वर केलेला नाही, आणि प्रत्येक खड्ड्याचे पहिल्या दिवसाचे वाचन तारखेसह वहीत लिहिलेले आहे. पक्कडीने दाबलेला कनेक्टर पहिल्या वर्षी काही सांगत नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात तो तापतो आणि वितळतो, तोपर्यंत बसवणारा गावातून निघून गेलेला असतो. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी दुकानाच्या पाटीवर खर्च करण्याआधी क्रिंपिंगचे चांगले हत्यार घ्यावे.

२०१७ साली कोरेगाव तालुक्यातल्या एका दळण-कांडप गिरणीवर आम्ही पाच किलोवॉटचा संच बसवला. गिरणी चालवणाऱ्या काकूंना आम्ही आणि त्यांचे सगळे गाव काकूच म्हणतो. त्यांची दहा अश्वशक्तीची मोटर सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ चालते, मधले चार तास गिरणी बंद असते. म्हणजे दुपारच्या उन्हात तयार होणारी त्यांची वीज ग्रिडमध्ये जाते. पाच किलोवॉटचा संच आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला वीस युनिटांच्या आसपास देतो आणि त्यांचा वापर महिन्याला सातशे युनिटांचा होता, त्यामुळे बिलाचा मोठा हिस्सा उतरला. पहिल्या आठवड्यात वीज गेली आणि संचही बंद पडला, तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारले, की ऊन आहे तर गिरणी का थांबली. ग्रिड बंद असताना इन्व्हर्टरने तारेत वीज सोडली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होतो, म्हणून तो आपोआप थांबतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांच्या शिफारशीने आम्हाला जितकी कामे मिळाली, तितकी कोणत्याही जाहिरातीने मिळाली नाहीत.

२०१९ च्या शेवटच्या तिमाहीत आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. नेट मीटरिंग महिना ३०० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या छोट्या ग्राहकांपुरते ठेवावे आणि बाकीच्यांना नेट बिलिंग लागू करावे, असे त्यात सुचवले होते. नेट बिलिंगमध्ये छपरावरची वीज ठरावीक खरेदीदराने वीज कंपनीला द्यायची असते आणि स्वतःच्या वापराची वीज नेहमीच्या दराने विकत घ्यायची असते. हा दोन दरांमधला फरक ज्याच्या बिलात बसेल, त्याची गुंतवणूक किती वर्षांत फिटेल याचे कोणतेही गणित उरत नाही. तो मसुदा होता, अंतिम नियम नव्हता, पण बातमी वाचणारा ग्राहक हा भेद करत नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. आमच्या हातात तेव्हा नऊ कामे होती. पंधरा दिवसांत सहा जणांनी ती थांबवली.

त्या सहा कामांसाठी ३३० वॅटची पॅनेल मी आधीच आणून ठेवली होती. जुलै २०१८ मध्ये आयात पॅनेलवर २५ टक्के सेफगार्ड ड्युटी, म्हणजे देशी उत्पादकांच्या बचावासाठीचा जादा आयातकर, लागल्यापासून भावाचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून भाव बरा मिळाला तेव्हा एकदम खरेदी केली होती, आणि ती बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे व्याजाच्या पैशातून. गोदामात छपरापर्यंत खोकी, महिन्याच्या शेवटी व्याज आणि सात कामगारांचे पगार, अशा स्थितीत मी तो दिवाळीनंतरचा महिना काढला. पत्नीचे दागिने तारण ठेवून दोन महिन्यांचे पगार केले, हे इथे लिहावे अशी तिचीच इच्छा आहे.

याच काळात दुसऱ्या शहरातून आलेल्या एका फर्मने आमच्या ग्राहकांना गाठले. नियम बदलण्याआधी अर्ज नोंदवून देतो, जुने दर पक्के करून देतो, असे सांगून त्यांनी निम्मी रक्कम आगाऊ घेतली. आमच्याविषयी हे दुकान मार्चपर्यंत बंद होईल असे सांगितले. माझे दोन अनुभवी फिटर जास्त पगारावर नेले. पुढे त्यांनी बसवलेल्या काही संचांच्या सांगाड्याला जस्ताचा नीट मुलामा नव्हता आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर गंज चढला. काहींची आगाऊ रक्कम घेऊन ते परत फिरकलेच नाहीत. ज्यांचे पैसे बुडाले, त्यांनी नंतर आमच्यावरही विश्वास ठेवला नाही. इतकी वर्षे झाली तरी या गोष्टीचा सल माझ्या मनातून गेलेला नाही. नियमाच्या भीतीवर धंदा करणाऱ्याने एका फर्मचे नुकसान केले असते तर मी विसरलो असतो; त्याने तालुक्यातल्या लोकांचा या विजेवरचाच विश्वास घालवला.

काकूंनी मसाला कांडपासाठी दुसरे यंत्र घेतले होते आणि मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीला ठरवून दिलेली कमाल मर्यादा) वाढवून आणखी पाच किलोवॉटचे काम आम्हाला सांगितले होते. ते काम थांबवायचे का, हे विचारायला मी स्वतः गेलो. त्या म्हणाल्या, “तुम्ही प्लेटा बसवा, दादा. आणि त्या साहेबांना पाठवायला माझी किती वर्षांची बिलं लागतात, तेवढं सांगा.” मसुद्यावर कोणालाही लेखी सूचना-हरकती पाठवता येतात, हे मला त्या महिन्यापर्यंत नीट माहीत नव्हते. आमच्या व्यवसायातल्या संघटनांनी आणि ग्राहक प्रतिनिधींनी आपापली निवेदने दिली होती; त्यांचा मजकूर मोठा आणि कायद्याच्या कलमांनी भरलेला होता. मी काकूंची चोवीस महिन्यांची बिले घेतली, प्रत्येक महिन्याची आयात (ग्रिडमधून घेतलेली) आणि निर्यात (ग्रिडला दिलेली) युनिटे एका तक्त्यात मांडली, आणि त्याच महिन्यांचे बिल नेट बिलिंगने किती आले असते ते शेजारच्या रकान्यात लिहिले.

वीज कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता, हे मला मान्य करावे लागेल. जास्त वापर असणारे ग्राहक जास्त दर भरतात आणि त्या पैशातून शेतीच्या व गरीब घरांच्या विजेला आधार मिळतो. ते ग्राहक छपराकडे वळले, तर तारा, खांब आणि रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) यांचा खर्च उरलेल्यांवर पडतो. माझे म्हणणे इतकेच होते, की ही रेषा ३०० युनिटांवर ओढली तर पाचशे किलोवॉटचा कारखाना आणि दहा अश्वशक्तीची गिरणी एकाच बाजूला जातात. गिरणीची दुपारची वीज त्याच रोहित्रावरच्या शेजाऱ्याच्या घरात वापरली जाते, दूरच्या केंद्रातून ती आणताना होणारी वहनहानी वाचते, आणि ते युनिट कंपनी शेजाऱ्याला पूर्ण दराने विकते. रेषा ओढायची असेल तर ती मंजूर भारावर ओढावी, असे मी लिहिले.

राज्यभरातून हरकती गेल्या. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस अंतिम विनियम आले, त्यांत नेट मीटरिंग कायम राहिले आणि रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच सौर जोडणी देण्याची जुनी मर्यादा ७० टक्क्यांवर गेली. माझ्या तक्त्याने हे घडले असे मी म्हणणार नाही, पण ते घडवणाऱ्या गठ्ठ्यात काकूंची बिले होती, ही आमच्या फर्मच्या इतिहासातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आहे. पुढे मार्च २०२० च्या दर-आदेशात आयोगाने राज्यात छपरावरील क्षमता ५,००० मेगावॉट होईपर्यंत ग्रिड सपोर्ट चार्ज, म्हणजे छपरावरच्या विजेसाठी ग्रिड वापरण्याचा आकार, न लावण्याचे ठरवले. त्या क्षमतेनंतर हा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो, आणि तेव्हा मांडायची आकडेवारी जमवत राहिली पाहिजे.

त्यानंतरची टाळेबंदी सगळ्यांनीच सोसली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत नेट मीटरिंगला दहा किलोवॉटची मर्यादा आली आणि जून २०२१ मध्ये ती पाचशे किलोवॉटपर्यंत वाढली; मधल्या सहा महिन्यांत पुन्हा फोन आले, पण या वेळी कामे थांबली नाहीत, कारण आमच्या प्रत्येक दरपत्रकात नियम बदलल्यास काय होईल याचा एक परिच्छेद आता असतो. हा परिच्छेद प्रत्येक छोट्या फर्मने घालावा, आणि “पाच वर्षांत पैसे वसूल” असे वाक्य दरपत्रकात कधीही लिहू नये. आजच्या दराने किती, एवढेच लिहावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये, असे अनुदान घरगुती ग्राहकाला मिळू लागले. आमची कामे तिपटीने वाढली आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. काकूंच्या घरावरचा तीन किलोवॉटचा संचही त्याच योजनेतून झाला. पण त्याच अंगणातल्या गिरणीला या योजनेत एक रुपयाही नाही. पिठाची गिरणी, बेकरी, वेल्डिंगचे दुकान, दूध शीतकरणाची छोटी जागा ही सगळी दिवसा वीज वापरणारी ठिकाणे आहेत. सौर विजेचा सर्वांत सरळ ग्राहक तोच आहे. धोरण मात्र एका बाजूला घर पाहते आणि दुसऱ्या बाजूला मोठा कारखाना, आणि मधला माणूस २०१९ मध्येही सुटला होता, आजही सुटलेला आहे.

आता वेळेनुसार बदलणाऱ्या दरांचा विषय पुढे आहे. दुपारचे युनिट संध्याकाळच्या युनिटातून पूर्ण वजा व्हायचे की नाही, यावर संध्याकाळी पाचनंतर चालणाऱ्या गिरणीचे सगळे गणित अवलंबून आहे. मार्च ते मे हे तिखट-मसाल्याच्या कांडपाचे दिवस, आणि त्या तीन महिन्यांत काकूंची दोन्ही यंत्रे रात्री नऊपर्यंत चालतात. गेल्या हंगामापासून त्यांनी मीटरजवळ एक वही टांगली आहे आणि सकाळी नऊला, दुपारी एकला, संध्याकाळी पाचला आणि गिरणी बंद करताना असे चार वेळा आयात-निर्यातीचे आकडे त्या स्वतः लिहितात. पुढच्या सूचना-हरकतींसाठी तक्ता त्याच वहीवरून होणार आहे, आणि आमच्या आणखी अकरा ग्राहकांना मी तशाच वह्या दिल्या आहेत.