पाणी भरलं की हेलकावणारा ट्रेलर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. कामं बहुतेक उसाच्या ट्रॉल्यांची. दांडा वाकलाय, एक्सल बदलायचाय, फाळक्याला वेल्डिंग मारायचंय. त्यामुळे निपाणीचे एक काका बोलेरोमागं चाकांवरची खोली जोडून दारात उभे राहिले, तेव्हा शेजारच्या शेडमधली पोरंही बघायला आली. आत दोन पलंग, छोटा ओटा, मागच्या भिंतीला पाण्याची टाकी. खाली एकच एक्सल. काकांनी तंबाखूचा व्यापार मुलाकडं सोपवला होता आणि काकू, वडील, नातवंडं असं सगळं घर घेऊन दांडेली, गोकर्ण फिरायचं ठरवलं होतं.

‘‘ह्याला त्या स्प्रिंगच्या सळ्या बसवून द्या,’’ काका आल्या आल्या म्हणाले. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशात मोठ्या ट्रेलरच्या हुकाला दोन्ही बाजूंनी अशा सळ्या लावतात. त्या ताणून बसवल्या की हुकावर पडलेल्या भाराचा काही हिस्सा गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या एक्सलवर जातो. वस्तू चांगली आहे. पण मी आधी विचारलं, झालं काय?

संकेश्वर सोडून हत्तरगीकडं येताना शेजारून एक बस जोरात गेली होती. तिच्या वाऱ्यानं ट्रेलर आधी बाहेर ढकलला, मग आत ओढला, आणि पुढं थांबेचना. पहिला हेलकावा वीतभर, दुसरा हातभर, तिसऱ्याला बोलेरोचाच मागचा भाग फिरायला लागला. काकांनी करकचून ब्रेक मारला. घाबरलेला माणूस तेच करतो, आणि जीव जातो तो तिथंच. पुढची गाडी अडते, मागचा हजारभर किलोचा बोजा रेटतच राहतो आणि जोड दुमडतो. अशा वेळी स्टेअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि वेग उतरू द्यायचा. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर तेवढाच हलक्या हातानं लावायचा. एका ठरावीक वेगाच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, त्याच्या खाली आपोआप विरतो. मागून काही येत नव्हतं म्हणून हे सगळे वाचले. काकू हे सांगताना नातीचा हात सोडत नव्हत्या.

मी खाली शिरलो. बेअरिंगला खेळ नव्हता. बॉल आणि कपलर, म्हणजे गाडीच्या हुकाचा गोळा आणि त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी, घट्ट होते. एका टायरात हवा कमी होती, ती भरली, पण एवढ्यानं गाडी रस्ताभर झुलत नाही. तेवढ्यात काकू म्हणाल्या, ‘‘जातानाच असं होतं बघा. परत येताना भांडंसुद्धा वाजत नाही.’’ बांधणाऱ्यानं पोच करताना चालवून दाखवला तेव्हाही ट्रेलर सरळच धावला होता. पोच करताना टाकी कोरडी होती आणि सहलीहून परततानाही ती रिकामीच असायची.

आपल्या भागात ऊस असल्यामुळे वजनकाटा शोधत हिंडावं लागत नाही. टाकी भरूनच काट्यावर गेलो. बोलेरोपासून सोडवून ट्रेलर एकटाच उभा केला: 1150 किलो. मग बोलेरोला जोडला, बोलेरो काट्याच्या बाहेर ठेवली आणि फक्त ट्रेलरची चाकं वर राहू दिली: 1110. म्हणजे हुकावर जेमतेम 40 किलो. मोठा काटा दहा-दहाच्या टप्प्यानं दाखवतो, म्हणून वर्कशॉपमध्ये येऊन ट्रेलर पातळीत घेतला आणि हुकाला जोडतो त्या दांड्याच्या टोकाखाली माणसांचं वजन करायचा काटा ठेवला. 42 किलो. एकूण वजनाच्या चार टक्केही नाही. अशा ट्रेलरला दांड्यावर दहा ते पंधरा टक्के भार हवा, म्हणजे इथं 115 च्या खाली नको.

काकांचे वडील खुर्चीवर बसून सगळं पाहत होते. ते म्हणाले, ‘‘गाडी उलाळ झालीया. बैलाच्या मानंवर वजन नको व्हय?’’ उलाळ म्हणजे मागं भार जास्त होऊन पुढून हलकी झालेली. आयुष्य बैलगाडीवर गेलेल्या माणसानं काट्याशिवाय ओळखलं होतं. फरक एवढाच की उलाळ बैलगाडी जू वर उचलते, आणि हायवेच्या वेगात उलाळ ट्रेलर बाजूला फेकायला लागतो.

टाकी मोकळी करून पुन्हा मोजलं. एकूण 1000, दांड्यावर 102. हिशेब जुळला. हुकापासून एक्सल तीन मीटर, टाकी एक्सलच्या मागं एक मीटर वीस. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो पाणी तिथं बसून दांड्यावरचे 60 किलो उचलून घेत होतं.

काकांना तरीही सळ्या हव्या होत्या. भीती बसली होती, मला ते दिसत होतं. मी त्यांना ट्रेलरखाली बसवून दाखवलं की सळ्या हुकावरचा भार वाटून देतात, आणि इथं वाटायला भारच नाही. ट्रेलर दुप्पट जड असता आणि जोडल्यावर बोलेरोचं नाक वर उचललं असतं तर मीच त्या बसवा म्हणालो असतो.

टाकी काढली. पलंगाखाली, एक्सलच्या पुढं चाळीस सेंटिमीटरवर अँगलची चौकट वेल्ड केली आणि पट्ट्यांनी टाकी तिच्यात आवळली. मागच्या दारावरची स्टेपनी दांड्यावर आणली. पाण्यासकट दांड्यावर 143 किलो, रिकामी 123. दोन्ही वेळा बारा टक्क्यांच्या आसपास, आणि मला हवं होतं ते हेच: टाकी भरलेली असो वा कोरडी, वागणं एकच. बोलेरोच्या पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची जोडण्याआधी आणि नंतर मोजली. बोटभर वाढली होती. डिकीतली तांदळाची पोती आणि हत्यारांची पेटी मधल्या सीटच्या पायाशी सरकवली, तेव्हा त्यातली निम्मी उतरली.

पहाटे टाकी भरून काका आणि मी होनग्याच्या पुढं गेलो. वेग थोडा थोडा वाढवत नेला, वंटमुरी घाटात मुद्दाम ट्रकांना शेजारून जाऊ दिलं. वाऱ्याचा धक्का बसायचा, ट्रेलर एकदा हलायचा आणि जागेवर यायचा. साठच्या वर न्यायचा नाही हे मात्र मी काकांकडून कबूल करून घेतलं. टाकीच्या जुन्या जागी आता मोठं कपाट झालं होतं आणि काकू तिथं गॅसची शेगडी, डबे, पाण्याचे कॅन ठेवायचा बेत करत होत्या. त्या कपाटाच्या दाराला आतून मी लाल रंगात लिहून दिलं: इथं फक्त गाद्या-उश्या.