मूळ संचात

दुपारी कपाटाचा खालचा खण आवरायला काढला. माझं आवरणं म्हणजे एकेक वस्तू काढायची, सदऱ्याला पुसायची, जरा वेळ बघत बसायचं आणि होती तिथेच ठेवून द्यायची. तशात 'किस'ची, म्हणजे तोंडं रंगवून वाजवणाऱ्या त्या अमेरिकन रॉक बँडची सीडी हाताला लागली, 'सायको सर्कस'. १९९८ सालची. मित्राचा भाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्याकडून ऐकायला घेतलेली. परत द्यायची राहिली ती राहिलीच.

तिचं कव्हर तिरकं केलं की चित्र हलतं. वरचं प्लॅस्टिक बारीक रेघारेघांचं, त्यावरून नख फिरवलं की खर्रर्र. सीडी लावायच्या आधी दोन-तीनदा मी तेच केलं. शाळेत माझ्या कंपासपेटीत अशी एक पट्टी होती, जत्रेतली. सरळ धरली की गणपती, कलती केली की शंकर. मधल्या एका कोनात मात्र दोघं एकमेकांत मिसळायचे, सोंडेवर जटा. आजीला दाखवली तर तिने आधी गणपतीला हात जोडले, मग पट्टी कलती करून शंकराला. मी मधला कोन दाखवायला गेलो तर म्हणाली, "हलवू नकोस उगीच, देव आहे तो."

तर ही सीडी मूळ संचातली. जीन सिमन्स, पॉल स्टॅन्ली, एस फ्रेली आणि पीटर क्रिस. १९८३ मध्ये बँडने तोंडाचा रंग पुसला तोवर एस आणि पीटर बाहेर पडलेले होते. ९६ मध्ये चौघं पुन्हा रंग लावून दौऱ्यावर निघाले, पब्लिक वेडं झालं, आणि दोन वर्षांनी हा अल्बम. आम्ही तर धन्य झालो होतो. पुढे कधीतरी कळलं, पीटरचे ड्रम्स अख्ख्या अल्बममध्ये एकाच गाण्यावर आहेत. बाकी जवळजवळ सगळे केविन व्हॅलेंटाइन नावाच्या भलत्याच ड्रमरचे. एसच्या गिटारचीही तीच गत; बरीचशी टॉमी थेयरने वाजवलेली. पाकिटावर या दोघांचा पत्ता नाही.

वडील असते तर म्हणाले असते, "तो नाही हो हा." नाटकाला गेलं की त्यांचं हे ठरलेलं वाक्य. पेपरात 'मूळ संचात' अशी जाहिरात दिसली की ते आम्हाला घेऊन निघायचे. एकदा थिएटरच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेलं, 'काही अपरिहार्य कारणामुळे अमुक यांच्याऐवजी तमुक'. नायकच बदललेला! आईचं म्हणणं, आलोय तर बघू. वडील बसले, पण तो स्टेजवर आला रे आला की पुटपुटायचे, तो नाही हो हा. पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. मध्यंतरात बटाटेवडा खाताना म्हणाले, "आवाज बरा आहे पण." आणि दुसऱ्या अंकात सगळ्यांत मोठ्याने तेच हसत होते.

फळ्यावर खडूने तरी लिहिलं होतं, एवढंच माझं म्हणणं.

त्या थेयरची गंमत पुढेच आहे. २००२ पासून तो एसचाच चंदेरी रंग फासून, एसच्याच जागी उभा राहून वाजवायला लागला, ते थेट २०२३ मध्ये बँडच्या निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा शो झाला तोवर. कट्टर लोक त्याला अजून शिव्या घालतात. मला का कोण जाणे, हा माणूस आवडतो. वीस वर्षं दुसऱ्याचं तोंड लावून रोज वेळेवर कामावर जायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

पीटरचे ड्रम्स असलेलं ते एक गाणं म्हणजे 'इन्टू द व्हॉइड'. एसचं गाणं, गातोही तोच. आळसट, दुपारच्या झोपेतून उठून आल्यासारखा. चौघं खरोखर एकत्र वाजवताना सापडतात ते या गाण्यात. मी नेहमी ते ओलांडून पुढच्यावर जायचो.

२०२५ च्या ऑक्टोबरात एस गेला. आज ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. कव्हर हातातच होतं. हलवलं नाही.