दोन्ही अर्थांचा कोळी

परवा दुपारी आंघोळीला गेलो तर बादलीच्या काठावर कोळी. मागचे पाय प्लास्टिकवर, पुढचे दोन अलगद पाण्यावर टेकवलेले. मी तांब्या घेऊन नुसता उभा. कोळी मला मारवतही नाही आणि त्याला हातही लाववत नाही.

इंग्लंडच्या दलदलीतला फेन राफ्ट स्पायडर थेट असाच बसतो. मात्र तो पाय पसरून साधारण सात सेंटिमीटर भरतो. पाणी हेच त्याचं जाळं. किडा तडफडला की थरथर पायांना कळते आणि स्वारी पाण्यावरून धावत सुटते. कधीकधी छोटा मासासुद्धा धरतो. माणसांतले कोळी आणि भिंतीवरचे कोळी यांना एकच शब्द का, हे कोडं मी लहानपणी ‘दोघांकडे जाळं असतं’ असं सोडवलं होतं. हा गडी मासे मारतो, पण जाळ्याशिवाय. झालं, माझं व्याकरण बुडालं.

धोका दिसला की तो बुडी मारतो. अंगावरच्या लवेत हवा अडकते, त्यामुळे पाण्याखाली चांदीचा दिसतो. पण तीच हवा त्याला वर ढकलते, म्हणून पाण्यातल्या झाडाचं देठ घट्ट धरून बसावं लागतं. हे वाचलं आणि पाठीवरचा पत्र्याचा डबा आठवला. पोहायला शिकताना मला विहिरीचा तळ बघायचा होता. मी खाली मुंडी घातली की डबा वर ओढायचा. काठावरून काका ओरडायचे, “अरे, आधी हात मार! तळ कुठं पळून जात नाही.”

डबा सुटला, पोहणं आलं. तळ काही पाहिला नाही.

ब्रिटनमध्ये हा कोळी 1956 साली पहिल्यांदा सापडला, आणि पुढे दलदली आटत गेल्या तसा संपत आला. मग हेलन स्मिथ या कोळ्यांच्या अभ्यासक बाईंनी स्वयंपाकघरात त्याची हजारो पिल्लं वाढवली. एकमेकांना खातील म्हणून प्रत्येकाला वेगळी काचनळी, आणि चिलटं भरवायची. आमच्याकडे एका कोळ्यापायी आंघोळ खोळंबली होती.

शेवटी बादलीत एक काडी तिरकी ठेवून बाहेर आलो. तासाभराने पाहिलं तर कोळी नव्हता. काडीखाली वाकून पाहिलं. बादलीचा तळ मात्र स्वच्छ दिसत होता.